चेहऱ्याचा मज्जातंतू : त्याच्या जखमा आणि त्यांवरील शस्त्रक्रिया

मानवी शरीरातील बहुतेक स्नायू दोन्ही टोकांनी हाडांना जोडलेले असतात आणि हाडे हलविणे हेच त्यांचे मुख्य काम असते. चेहऱ्याचे स्नायू याला अपवाद आहेत. त्यांचे एक टोक बहुधा कवटीच्या हाडाला असले, तरी दुसरे टोक त्वचेतच विणलेले असते. ते आकुंचन पावले की हाड न हलता कातडीच ओढली जाते, आणि कपाळावर आठी किंवा ओठांवर हसू उमटते. पापणी घट्ट मिटणे, पाण्याचा घोट ओठांआड धरून ठेवणे, ‘प’, ‘ब’, ‘म’ ही ओष्ठ्य अक्षरे उच्चारणे ही कामेही याच स्नायूंची होत. चेहऱ्याच्या एका बाजूच्या या सर्व स्नायूंना आज्ञा पोहोचविणारी दोरी मात्र एकच असते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी ही सातवी जोडी होय.

या मज्जातंतूचा मार्ग विलक्षण अवघड आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून बाहेर पडल्यावर तो श्रवणाच्या मज्जातंतूच्या सोबतीने कानाभोवतीच्या शंखास्थीत शिरतो. तेथून पुढे सुमारे तीन सेंटिमीटर तो एका वळणावळणाच्या अस्थिनलिकेतून जातो. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ गॅब्रिएले फॅलोपिओ यांच्या नावाने ही नलिका ओळखली जाते. शरीरातील दुसरा कोणताही मज्जातंतू हाडाच्या पोटातून एवढा लांब प्रवास करीत नाही. आरंभी तर या नलिकेची रुंदी एक मिलिमीटरहूनही कमी असते. म्हणूनच मज्जातंतूला थोडी सूज आली तरी तो आपल्याच घरात आवळला जातो. वाटेत त्याच्यापासून काही बारीक शाखा फुटतात. एक अश्रुग्रंथींकडे जाते, एक कानातील रिकिबीच्या आकाराच्या हाडाला आवरणाऱ्या इवल्याशा स्नायूकडे, तर एक जिभेच्या पुढील दोनतृतीयांश भागाची चव वाहून आणते. शेवटी कानाच्या पाळीमागे तो हाडाबाहेर येतो, गालावरील लाळग्रंथीत शिरतो आणि तेथे त्याच्या कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ व मान यांच्याकडे जाणाऱ्या पाच प्रमुख शाखा होतात.

तोंड वाकडे होण्याच्या विकाराचे वर्णन आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत ‘अर्दित’ या नावाने आढळते आणि तेथे त्याची गणना वातविकारांत केलेली आहे. परंतु चेहरा कोणत्या मज्जातंतूमुळे हलतो आणि कोणत्या मज्जातंतूमुळे त्याला स्पर्श कळतो, हा भेद एकोणिसाव्या शतकापर्यंत स्पष्ट नव्हता. एडिंबरा येथे जन्मलेले शस्त्रवैद्य चार्ल्स बेल यांनी १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या विषयावरील निबंध मांडला. गाढवाच्या चेहऱ्यावरील सातवा मज्जातंतू छेदल्यावर त्या बाजूची नाकपुडी श्वासासोबत फुलेनाशी होते, असे त्यांना दिसून आले होते. यावरून त्यांनी या मज्जातंतूला चेहऱ्याचा श्वसनमज्जातंतू ठरविले. हे नाव पुढे टिकले नाही आणि त्यांच्या मांडणीतील काही भाग इतरांना दुरुस्त करावा लागला. तथापि चेहऱ्याच्या लकव्याला आजही बेल यांचेच नाव चिकटून आहे.

मज्जातंतू निकामी झालेला चेहरा ओळखण्यास कठीण नसतो. त्या बाजूची कपाळावरील वळी पुसली जाते, भुवई खाली येते, तोंडाचा कोपरा ओघळतो, आणि हसताना सारा चेहरा निरोगी बाजूकडे ओढला जातो. अनोळखी माणूस मात्र पुष्कळदा चुकतो. ओढली गेलेली बाजूच रोगी आहे असे त्याला वाटते. वैद्य कपाळाकडे विशेष लक्ष देतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळतात. त्यामुळे बिघाड मेंदूत असेल, तर तोंड वाकडे होऊनही कपाळावर आठ्या घालता येतात. बिघाड मज्जातंतूतच असेल, तर कपाळही निश्चल राहते. पक्षाघाताचा झटका आणि मज्जातंतूचा विकार यांतील फरक एवढ्या साध्या परीक्षेने पुष्कळ अंशी कळू शकतो.

खरे संकट डोळ्यावर असते. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पटल उघडे राहते, सुकते, त्याला व्रण पडतात, आणि दृष्टी कायमची जाण्याचा धोका संभवतो. म्हणून मूळ आजार कोणताही असो, पहिल्या दिवसापासून थेंब व मलम घालून आणि रात्री पापणी चिकटपट्टीने मिटवून डोळा सांभाळावा लागतो. वाकड्या तोंडाच्या चिंतेत घरच्या माणसांना नेमका याच गोष्टीचा विसर पडतो.

‘वारा लागून’ तोंड वाकडे झाले असे लोक ज्याला म्हणतात, तो प्रकार बहुधा बेलचा लकवा असतो. त्यात मज्जातंतू तुटलेला नसून सुजलेला असतो, आणि सुप्त विषाणू जागे होणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. बहुतेक रोगी शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील एका चाचणीत प्रेडनिसोलोन हे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के रोगी नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. तेव्हा येथे पहिल्या तीन दिवसांचे मोल मोठे आहे.

शस्त्राचा प्रश्न येतो तो मज्जातंतूला प्रत्यक्ष इजा झाली असता. अपघातात शंखास्थी दुभंगणे, काचेने किंवा सुऱ्याने गाल चिरणे, कान कुजून हाड पोखरले जाणे, लाळग्रंथीतील किंवा श्रवणमज्जातंतूवरील गाठ काढताना धक्का लागणे, अशी तिची नाना कारणे आहेत. नवजात अर्भकाच्या कानामागील उंचवटा तयार झालेला नसल्याने मज्जातंतू अगदी कातडीलगत असतो, आणि प्रसूतीच्या वेळी चिमट्याच्या दाबाने तो दुखावू शकतो.

इजेच्या प्रतीवरच पुढील सर्व काही अवलंबून असते. ब्रिटिश शस्त्रवैद्य हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली तिचे तीन वर्ग केले. पहिल्यात तंतू अखंड असतात, फक्त संदेश अडतो. दुसऱ्यात आतील तंतू तुटतात, पण त्यांची आवरणे शाबूत राहतात. तिसऱ्यात संपूर्ण दोरीच तुटते. पहिल्या दोहोंत निसर्ग आपले काम आपण करतो. तिसऱ्यात त्याला शस्त्रवैद्याची मदत लागते. तुटलेल्या मज्जातंतूचे काय होते, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० सालीच बेडकाच्या जिभेतील मज्जातंतू कापून दाखविले होते. मेंदूपासून तुटलेला पुढचा भाग हळूहळू विघटित होतो, आणि मेंदूकडील टोकातून नवे अंकुर फुटून त्या रिकाम्या झालेल्या आवरणांतून पुढे सरकतात. त्यांची गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर एवढीच. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचे दहा-बारा सेंटिमीटरांचे अंतर काटण्यास त्यांना कित्येक महिने लागतात, हे त्यावरून सहज ध्यानी येईल.

पुढचा भाग लगेच मरत नाही, ही गोष्ट शस्त्रवैद्याच्या फार उपयोगी पडते. तुटल्यावर सुमारे तीन दिवसपर्यंत त्याला विजेचा सौम्य स्पर्श केला असता स्नायू फुरफुरतो. रक्ताने माखलेल्या जखमेत सुताएवढ्या शाखांची टोके शोधावयाची असता हीच खूण दिवा ठरते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती हरपते, आणि मग केवळ नजरेवर व शरीररचनेच्या ज्ञानावर विसंबावे लागते. म्हणून स्वच्छ चिरलेल्या जखमेत मज्जातंतू पहिल्या तीन दिवसांतच जोडणे श्रेयस्कर मानतात. डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्यातून खाली काढलेल्या रेषेच्या नाकाकडील बाजूस तुटलेल्या शाखा मात्र बहुधा तशाच सोडल्या जातात. तेथे शाखांचे जाळे इतके दाट असते, की शेजारच्या शाखा त्यांचे काम उचलून घेतात.

जोडकामासाठी सूक्ष्मदर्शकाखाली केसाहूनही बारीक नायलॉनचा धागा वापरतात आणि तो मज्जातंतूच्या केवळ बाह्य आवरणातून घेतात. टोके ताणून जोडली तर मध्ये व्रण माजतो व अंकुरांची वाट बंद होते. म्हणून अंतर पडले असेल तेथे मानेतून कानाकडे जाणाऱ्या किंवा पोटरीतल्या संवेदक मज्जातंतूचा तुकडा मध्ये बसवितात. त्याच्या मोबदल्यात कानाच्या पाळीजवळ किंवा पावलाच्या कडेला थोडी बधिरता येते. अस्थिनलिकेत असा तुकडा बसविण्याची पद्धत चार्ल्स बॅलन्स आणि अमेरिकन कर्णतज्ज्ञ आर्थर ड्युअल यांनी माकडांवरील प्रयोगांनंतर १९३२ साली प्रसिद्ध केली. बॅलन्स त्या वेळी सत्तरी ओलांडलेले होते, आणि या प्रश्नाने त्यांना जवळजवळ चाळीस वर्षे सोडले नव्हते. १८९५ साली त्यांनी एका रोग्याचा चेहऱ्याचा मज्जातंतू खांद्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूशी जोडला होता. चेहरा हलू लागला, पण खांद्यासोबत! हसण्यासाठी खांदा उडविणे कोणाला रुचेल? पुढे जिभेच्या मज्जातंतूचा उपयोग होऊ लागला. त्यात जिभेची एक बाजू सुकते, म्हणून हल्ली तो पूर्ण न कापता त्याचा काही भागच घेण्याकडे कल आहे. दाढा आवळणाऱ्या स्नायूचा मज्जातंतूही वापरतात; मग रोग्याला दात चावून हसण्याचा सराव करावा लागतो.

या साऱ्या उपायांना काळाची मर्यादा आहे. आज्ञेवाचून पडलेले स्नायू झिजत जातात, आणि वर्ष-दीड वर्षानंतर मज्जातंतू पोहोचला तरी हलविण्याजोगे तेथे थोडेच उरते. अशा वेळी स्नायूच नवा आणावा लागतो. १९७६ साली जपानमधील कियोनोरी हारिई व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या आतील बाजूचा एक पातळ स्नायू रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांसह गालात रोवून दाखविला. पुष्कळ ठिकाणी हे काम दोन टप्प्यांत होते. प्रथम पोटरीतील मज्जातंतूचा एक लांब तुकडा निरोगी गालातील शाखेला जोडून वरच्या ओठातून पलीकडे नेतात. नऊ-दहा महिन्यांनी अंकुर पलीकडे पोहोचल्यावर मांडीचा स्नायू आणून त्याला जोडतात. वेळ फार जातो खरा, परंतु असे हसू मनाच्या ऊर्मीने उमटते. त्यासाठी दात चावावे लागत नाहीत.

पूर्ववत चेहरा मात्र क्वचितच लाभतो. सहस्रावधी अंकुर नेमके आपल्याच जुन्या वाटेने जातील अशी व्यवस्था नसते. डोळ्याकडचा अंकुर ओठाकडे गेला की डोळा मिटताच ओठ हलतो. लाळेकडचा अश्रुग्रंथीकडे वळला की जेवताना डोळ्यांतून पाणी वाहते. याला ‘मगरीचे अश्रू’ म्हणतात, आणि रोग्याला त्याचा मोठा संकोच वाटतो. आरशापुढे सावकाश करावयाचे व्यायाम आणि स्नायू काही काळ सैल करणारी बोटुलिनमची अल्प मात्रा यांनी हा गोंधळ बराच आटोक्यात येतो.

भारताच्या दृष्टीने कुष्ठरोगाचा उल्लेख आवश्यक आहे. हा रोग शरीराच्या थंड, पृष्ठभागालगतच्या मज्जातंतूंना धरतो, आणि डोळ्याकडे जाणारी शाखा त्याच्या तावडीत सहज सापडते. त्यातच पाचव्या मज्जातंतूला इजा झालेली असेल तर बुबुळावर धूळ बसली तरी कळत नाही. उघडा आणि बधिर असा दुहेरी दुर्बळ डोळा फार लवकर जातो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरोगाने विरूप झालेल्या चेहऱ्यांच्या पुनर्रचनेचे काम दीर्घकाळ केले. पापणीसाठी वापरली जाणारी एक शस्त्रक्रिया हॅरॉल्ड गिलीज यांनी १९३४ साली वर्णिलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. कानशिलावरील चर्वणाच्या स्नायूची एक पट्टी वळवून तिची दोन टोके वरच्या व खालच्या पापणीतून नाकाजवळील कोपऱ्यापर्यंत नेतात. हा स्नायू पाचव्या मज्जातंतूच्या ताब्यात असल्याने सातवा निकामी असूनही तो चालतो. दाढा आवळल्या की पापण्या मिटतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे रोग्याला आरशासमोर बसवून हीच क्रिया पुनःपुन्हा करावयास लावतात, आणि जेवताना प्रत्येक घासाबरोबर पापणी मिटू लागते.