चुलीच्या उष्णतेवर फिरणारा पंखा

व्यापारात भांडवल किती आहे, याइतकेच ते किती फिरते, यालाही महत्त्व असते. गोदामात पडून राहिलेला माल ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतो. पण त्यावर घरखर्च चालत नाही. थंड देशांतील घरांत उष्णतेची अवस्था पुष्कळदा अशीच असते. लोखंडी शेगडीत लाकडे धडधडून पेटलेली असतात आणि तरीही खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वडीलधाऱ्यांचे पाय गारठलेले असतात.

याचे कारण साधे आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि छताखाली साचते. जड, थंड हवा जमिनीलगत राहते. शेगडीसमोर बसलेल्याला घाम फुटतो आणि चार पावलांवरच्या माणसाला शाल पुरत नाही. मग आणखी लाकूड घातले जाते. छत अधिक तापते. पायांना मात्र फारसा लाभ होत नाही.

या अडचणीवर कॅनडात एक लहानसा उपाय निघाला. रँडल रीड यांना स्वयंचलित उष्णतावाहक पंख्याचे अमेरिकी पेटंट १९९६ साली मिळाले आणि ओंटारियो प्रांतातील कॅफ्रामो कंपनीने असे पंखे ‘इकोफॅन’ या नावाने बाजारात आणले. आज अनेक उत्पादक ते बनवतात. वीतभर उंचीचा हा पंखा शेगडीच्या सपाट माथ्यावर नुसता ठेवायचा. त्याला तार नाही, बटण नाही, बॅटरी नाही. शेगडी तापली की तो आपोआप फिरू लागतो आणि निवली की थांबतो.

यामागचे तत्त्व मात्र दोनशे वर्षांचे आहे. १८२१ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ थॉमस सीबेक यांना असे आढळले की, दोन भिन्न धातूंचे तुकडे जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला, तर जवळची होकायंत्राची सुई हलते. त्यांना तो चुंबकत्वाचा प्रकार वाटला. प्रत्यक्षात तारेतून वीज वाहत होती, हा खुलासा ओर्स्टेड यांनी केला. याच तत्त्वावर सोव्हिएत संघात रॉकेलच्या दिव्याच्या उष्णतेवर रेडिओ चालवले गेले आणि १९७७ साली अवकाशात गेलेली व्हॉयेजर यानेही याच तत्त्वाने वीज मिळवतात.

पंख्यात धातूंच्या तुकड्यांऐवजी बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाची एक चपटी चकती असते. चकतीची खालची बाजू शेगडीवर टेकलेल्या पायाशी जोडलेली असते, म्हणून ती तापते. वरची बाजू ॲल्युमिनियमच्या पसरट पट्ट्यांशी जोडलेली असते. त्या पट्ट्या खोलीच्या हवेने थंड राहतात. या दोन बाजूंच्या तापमानातील फरकातून थोडी वीज निर्माण होते आणि तीवर छोटी मोटार फिरते. फरक मिटला की वीजही थांबते. म्हणजे येथे केवळ उष्णता असून भागत नाही. खरेदी-विक्रीच्या भावात तफावत असावी, तशी येथे उष्ण-थंडातली तफावत लागते.

यावरूनच पंखा कोठे ठेवावा, हे ठरते. तो शेगडीच्या माथ्यावर मागच्या किंवा बाजूच्या कडेला ठेवावा, म्हणजे मागून येणारी थंड हवा पट्ट्यांवरून जाईल आणि गरम हवा खोलीत ढकलली जाईल. धुराड्याच्या नळीला तो अगदी खेटून ठेवला, तर पट्ट्याही तापतात आणि पंखा मंदावतो. बहुतेक पंखे माथा ६५ ते ८५ अंश सेल्सिअस तापला की सुरू होतात. सुमारे ३४५ अंशांच्या पुढे मात्र आतील चकती कायमची बिघडू शकते. प्रत्येक नमुन्याची मर्यादा वेगळी असते, म्हणून सोबतचे पत्रक वाचावे आणि शेगडीवर चुंबकाने चिकटणारा तापमापक लावावा. ज्या शेगड्यांना दुहेरी कवच असते, त्यांचा माथा पुरेसा तापत नाही. तेथे हा पंखा घेणे व्यर्थ होय.

आता हिशोबाकडे वळू. हा पंखा उष्णता निर्माण करीत नाही. आहे ती फिरवतो. त्याचा वारा मंद असतो. एक खोली तो अधिक समान उबदार करील. भिंतीपलीकडची किंवा वरच्या मजल्यावरची खोली नव्हे. जेथे वीज भरवशाची आहे, तेथे साधा टेबलफॅनही याहून अधिक हवा हलवतो. थंड बाजूच्या जमिनीवरून शेगडीच्या दिशेने तो हळू लावला, तरी काम भागते. पंखा घेतल्यावर लाकूड खरोखर वाचते का, हे पाहायचे असेल तर सारख्याच थंडीचे दोन आठवडे निवडावेत, एक पंख्यासह आणि एक पंख्याविना, आणि रोज किती लाकूड जळले ते वहीत मांडावे. जाहिरातीतल्या टक्केवारीपेक्षा आपल्या वहीतला आकडा अधिक विश्वासार्ह असतो. शेगडी केवळ सणावाराला पेटणार असेल, तर खर्च वसूल होणे कठीण.

मग याचे खरे मोल कोठे? १९९८ च्या जानेवारीत कॅनडाच्या पूर्व भागात गोठत्या पावसाने विजेचे मनोरे कोसळले. लाखो लोक अंधारात आणि थंडीत अडकले. काही ठिकाणी वीज यायला कित्येक आठवडे लागले. अशा वेळी विजेवरची तापयंत्रे व ब्लोअर निरुपयोगी ठरतात. लाकडाची शेगडी तेवढी चालू राहते आणि तिच्यावरचा हा पंखाही.

त्याच वादळात काही जण थंडीने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने दगावले. हा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. पंखा हवा फिरवतो. धूर किंवा विषारी वायू बाहेर काढत नाही. म्हणून धुराड्याची दरवर्षी सफाई आणि घरात या वायूची सूचना देणारा अलार्म, ही खरेदी पंख्याच्या आधीची. हाच नियम लेह-श्रीनगरच्या बुखारीलाही लागू आहे. बंद खोलीत उघडी कोळशाची शेगडी पेटवून झोपणे तर कोठेही जिवावर बेतणारेच.

मुलांकडे परदेशी हिवाळा काढण्यास जाणाऱ्या वाचकांनी घरात लाकडाची शेगडी असल्यास प्रथम तीन गोष्टी विचाराव्यात: धुराडे कधी साफ केले, अलार्म चालू आहे का आणि वीज गेल्यास घर कशावर तापेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, शेगडी रोज पेटत असली आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तीच असली, तर हा पंखा भेट म्हणून द्यायला हरकत नाही.