वाटीखालचा फासा

आमच्या टेबलावर एक शंभर पानी वही असते. तिच्यातला पहिला नियम: जमिनीवर गेलेला फासा धरायचा नाही. हा नियम झाला तो दिवस मला आठवतो. आमच्यातल्या एकीचा फासा सोफ्याखाली गेला, तिने वाकून पाहिलं आणि तिथूनच "वीस!" अशी आरोळी ठोकली. ती खोटं बोलतेय असं कुणालाच वाटलं नाही. पण सहा महिने पाठलाग केलेला ड्रॅगन शेवटी सोफ्याखाली मेला, ही रुखरुख राहिली ती राहिलीच.

एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी कोथरूडच्या एका फ्लॅटवर आम्ही पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. चौघांचं एकेक पात्र आणि पाचवा डीएम, म्हणजे डंजन मास्टर. गुहा त्याची, राक्षस त्याचे, पावसापाण्यापासून खानावळवाल्यापर्यंत सगळा संसार त्याच्या गळ्यात. नियमांचं पुस्तक चांगलं जाडजूड आहे, तरी वही लागतेच. मेंढीकोट खेळताना एखादा मावसभाऊ "आमच्याकडे असं नसतं" म्हणत पत्ते खाली ठेवतो ना, तसलाच प्रकार. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांत छापला, तेव्हा नियम आपापल्या सोयीने बदला असंच त्यांचं सांगणं होतं. पुढे गायगॅक्स स्वतःच सगळीकडे सारखे नियम हवेत म्हणू लागले, पण तोवर घरोघरी वेगळ्या चुली मांडून झाल्या होत्या.

वहीतलं एक पान तिरक्या रेघा मारून खोडलंय. तो आमचा फजितीचा तक्ता. वीस पैलूंच्या फाशावर एक पडला की तक्ता बघायचा: तलवार हातातून निसटली, धनुष्याची दोरी तुटली, घाव मित्रालाच बसला. सुरुवातीला हसून हसून पुरेवाट झाली. मग आमचा योद्धा अकराव्या लेव्हलला पोचला. आता त्याला एका पाळीत तीन वार, म्हणजे तीन फासे. एका फाशावर एक पडण्याची शक्यता ५ टक्के, तिन्हींत मिळून एकदा तरी पडण्याची १४ टक्क्यांच्या वर. गडी जितका तयार, तितकी त्याची तलवार जास्त वेळा चिखलात! शेजारचा जादूगार आगीचा गोळा फेकतो तेव्हा नेमाचा फासा त्याला टाकावाच लागत नाही. वाचायचं की नाही ते समोरच्याने आपल्या फाशावर बघायचं. योद्ध्याने पाठकोऱ्या कागदावर हे गणित मांडलं आणि डीएमने निमूटपणे पेन उचललं.

औषधाच्या कुपीचा नियम मात्र टिकला. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे ती प्यायची तर वार सोडावा लागतो. बरे होतात चार ते दहा पॉइंट आणि तेवढ्यात राक्षस वीस काढून घेतो. त्यामुळे कुप्या झोळीतच राहायच्या. आम्ही, आणि आमच्यासारख्या कितीतरी टेबलांनी, वार करून वर कुपीही पिऊ द्यायला सुरुवात केली. २०२४ च्या पुस्तकात तेच छापून आलं.

याआधी मी दुसऱ्या एका डीएमकडे खेळायचो. तो पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासे टाकायचा. एकदा पाणी आणायला उठलो आणि मागून दिसलं: फाशावर एकोणीस होते, तो म्हणाला, "हुकला." माझं पात्र वाचलं. त्यानंतर त्याच्या एकाही राक्षसाची मला भीती वाटली नाही. गोष्ट छान रंगवायचा, आवाज काढायचा, पण माझ्यापुरता खेळ तिथेच संपला होता. आताचा डीएम सगळे फासे टेबलाच्या मधोमध टाकतो आणि दुसऱ्याच सेशनला त्याने माझा माणूस मारला. पडदेवाल्याला वहीची गरज नव्हती, दया वेळेवर दाखवता यायची. उघड्यावर खेळणाऱ्याला ती आधीच लिहून ठेवावी लागते.

सगळ्यात नवा नियम वाट्यांचा. पात्र कोसळलं की दर पाळीला त्याच्या जिवाचा फासा पडतो. दहा किंवा वर आला तर बरा, खाली आला तर वाईट. तीन वाईट पडले की खेळ खलास. एरवी हा फासा सगळ्यांना दिसतो. मग दोन बरे पडलेले पाहून मंडळी निवांतपणे खजिना गोळा करत बसतात. म्हणून आता फासा स्टीलच्या वाटीत हलवायचा, वाटी पालथी घालायची आणि कुणीतरी जवळ पोचेपर्यंत उघडायची नाही. खरं तर वीस पडला तर गडी लगेच उठून बसायला हवा, आणि तेही झाकलेलंच राहतं. ही पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बुजवत नाही.

गेल्या शनिवारी माझ्यासमोर तीन वाट्या पालथ्या होत्या. वैद्य खेळणारी दोन खोल्या पलीकडे, दारात कुलूप, चोराचे फासे हुकतायत. तेवढ्यात यजमानाची आई ताटल्या आवरायला आली. "संपलं ना रे तुमचं?" म्हणत त्यांनी पहिल्या वाटीला हात घातला आणि आम्ही पाचही जण एकदम ओरडलो.