रुग्णालयातील औषधनिर्माता : एक उपेक्षित दुवा

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरॉल हे औषध दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी करून औषधखरेदी आणि तपासणी यांतील अनागोंदी चव्हाट्यावर आणली. औषधांतील भेसळीविषयी समाज त्यामुळे सावध झाला, हे योग्यच होय. परंतु औषध शुद्ध असले म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे.

निर्भेळ औषधही चुकीच्या मात्रेत घातक ठरते. धडधाकट माणूस अशी एखादी चूक कदाचित पचवील. तान्ही मुले, वृद्ध आणि मूत्रपिंड दुबळे झालेले रुग्ण यांची ती ताकद नसते. मुलांच्या तापावरील पॅरासिटामॉलचेच पाहा. थेंबांच्या बाटलीत ते सामान्यतः दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते. मुलांच्या नेहमीच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम. दुसऱ्या बाटलीचे चमचाभर माप पहिलीला लावले, तर मात्रा चौपट होते. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेले, तर अस्थिमज्जेचे कार्य मंदावून प्राणावर बेतते. मूत्रपिंड क्षीण असेल तर हा धोका अधिकच वाढतो.

डॉक्टरांपुढे रुग्णांची रांग असते, परिचारिकेवर साऱ्या कक्षाचा भार असतो. निरनिराळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एकत्र पाहून त्यांचा मेळ बसतो की नाही, हे ताडण्याचे शिक्षण औषधनिर्मात्याला मिळालेले असते. देशात २००८ पासून फार्म. डी. हा रुग्णसेवेशी निगडित अभ्यासक्रम सुरू आहे. चिठ्ठीची छाननी करणे आणि रुग्णाला समजावून सांगणे ही औषधनिर्मात्याची कर्तव्ये २०१५ च्या नियमांनी स्पष्ट केली आहेत. तरीही अनेक सार्वजनिक रुग्णालयांत त्याचे काम खिडकीतून गोळ्या मोजून देण्यापुरतेच उरले आहे.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की हा डॉक्टरांच्या अधिकारावर अतिक्रमणाचा प्रकार होईल. वस्तुतः निदान आणि उपचार ठरविणे हे डॉक्टरांचेच काम राहील. औषधनिर्माता केवळ वेळीच शंका विचारील, आणि शंकेचे निरसन होईपर्यंत औषध थांबवील. त्यासाठी केसपेपरवर मुलाचे वजन व वृद्धाच्या मूत्रपिंडाची स्थिती नोंदलेली हवी. रिक्त पदे भरली पाहिजेत आणि औषधनिर्मात्याला कक्षात जाण्याची मुभा मिळाली पाहिजे.

तान्ह्या मुलाला आपला त्रास सांगता येत नाही आणि निरक्षर वृद्धेला चिठ्ठी वाचता येत नाही. त्यांच्या वतीने ती वाचणारा जाणकार माणूस प्रत्येक रुग्णालयात असावा, ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही. नियम झालेच आहेत. शासनाने आता त्यांची अंमलबजावणी करावी.