शेंडेनक्षत्र कुणाच्या वाईटावर येत नाही
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



धरमतरच्या खाडीकाठी राहणाऱ्या बाईला आकाश परकं नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येणार, अष्टमीच्या आसपास भांग असणार, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. कोळीण आपला मासळीचा हिशेब त्यावर बांधते. खारेपाटातली शेतकरीण कोणत्या रात्री बांधाकडे लक्ष ठेवायचं ते त्यावरून ठरवते. चंद्र पाणी ओढतो, ही गोष्ट आपल्याला शाळेच्या आधी खाडीनं शिकवली.

पण त्याच आकाशात अधूनमधून एक पाहुणा येतो आणि त्याचं मात्र भय वाटतं. त्याला पुस्तकात धूमकेतू म्हणतात, जुनी माणसं शेंडेनक्षत्र म्हणतात. तो दिसला की राजा मरतो, दुष्काळ पडतो, रोगराई येते, असं आपण ऐकत आलो. गोष्ट तिथंच थांबली तर ठीक. पण तेवढ्यात घरात नवी सून आलेली असली, नाहीतर मुलगी जन्मलेली असली, की आकाशातला दोष तिच्या माथी येतो. मग ती ‘पांढऱ्या पायाची’ ठरते. धूमकेतू काही महिन्यांत निघून जातो, बाईला लागलेलं नाव मात्र जन्मभर राहतं. म्हणून हा पाहुणा कोण, कुठून येतो आणि का येतो, हे आज नीट समजून घेऊ.

मूर्ती झाल्या, माती उरली

आपल्या पेण तालुक्यात हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. तुमच्यातल्या कित्येक जणी तिथं काम करतात. माती मळली जाते, मूर्ती घडतात, त्यांवर रंग चढतो, डोळ्यांची आखणी होते. हंगाम संपला की मूर्ती घरोघर जातात, पण कारखान्याच्या कोपऱ्यात मातीचे काही गोळे उरतातच. मूळ माती कशी होती हे पाहायचं असेल, तर रंगवलेली मूर्ती उपयोगाची नाही. कोपऱ्यातला उरलेला गोळाच हातात घ्यावा लागतो.

धूमकेतू म्हणजे असाच उरलेला गोळा.

सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी इथं सूर्य नव्हता, पृथ्वीही नव्हती. वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग होता. तो आपल्याच वजनानं आकसत गेला. मधोमध सूर्य तयार झाला आणि भोवती फिरणाऱ्या धुळीचे गोळे जमत जमत ग्रह झाले. सूर्याजवळ उष्णता फार, तिथं बर्फ टिकेना. म्हणून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे दगड आणि धातूंचे झाले. लांब थंडीत मात्र दगड-धुळीबरोबर बर्फही गोठून राहिला. त्यातला पुष्कळ माल गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून या मोठ्या ग्रहांत गेला. जे तुकडे उरले, त्यांतले बरेच या दांडग्या ग्रहांच्या ओढीनं दूर भिरकावले गेले.

पृथ्वी त्यानंतर वितळली, थिजली, तिच्यावर समुद्र आले, डोंगर झाले, झिजले. तिची मूळ माती आता ओळखू येत नाही. धूमकेतूतला माल मात्र थंडीत जवळजवळ जसाच्या तसा राहिला. शास्त्रज्ञांना त्याचं एवढं कौतुक का, ते यावरून कळेल.

त्यांची राहण्याची ठिकाणं दोन

सूर्यापासून पृथ्वी सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे. हे अंतर एक पाऊल धरू. मग शेवटचा ग्रह नेपच्यून ३० पावलांवर येतो. त्याच्या पलीकडे, ३० ते ५० पावलांच्या पट्ट्यात, बर्फाळ तुकड्यांची एक वस्ती आहे. तिला कायपर पट्टा म्हणतात. थोड्या वर्षांनी परत येणारे बरेच धूमकेतू त्या बाजूचे.

दुसरी वस्ती फारच लांब. यान ऊर्ट या डच शास्त्रज्ञानं १९५० मध्ये धूमकेतूंच्या वाटांचा हिशेब मांडला आणि सांगितलं, की सूर्याभोवती सगळ्या बाजूंनी या तुकड्यांचं एक मोठं कवच असलं पाहिजे. ते हजारो पावलांवर सुरू होतं आणि एक लाख पावलांपर्यंत पसरतं असं मानतात. एक लाख पावलं म्हणजे धरमतरहून चालत निघालो, तर रोहा गाठून पुढेही चालावं लागेल. हे कवच अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, इतकं ते दूर आणि अंधारात आहे. पण तिथून येणारे पाहुणे कोणत्या वाटेनं आले, यावरून त्यांचं गाव कळतं.

एखादा तारा लांबून जातो, त्याची ओढ लागते, आणि एखादा तुकडा आपल्या जागेवरून ढळून सूर्याकडे निघतो. त्याला यायला लाखो वर्षं लागतात. म्हणजे आपण जो धूमकेतू आज पाहतो, तो निघाला तेव्हा आपलं गाव वसलेलं नव्हतं, शेती नव्हती. त्याला आपल्या घरात कोण नांदायला आलं, हे कसं ठाऊक असणार?

कापूर आणि पदर

धूमकेतूचा मुख्य गोळा लहान असतो, बहुतेक वेळा काही किलोमीटरांचा. फ्रेड व्हिपल या शास्त्रज्ञानं १९५० मध्ये तो मळलेल्या बर्फाच्या गोळ्यासारखा असावा असं मांडलं. मार्च १९८६ मध्ये जोत्तो नावाचं युरोपी यान हॅलेच्या धूमकेतूपासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं आणि त्यानं जवळून फोटो पाठवले. गोळा निघाला सुमारे १५ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद. रंगानं तव्याच्या बुडासारखा काळा. बर्फ आत, वर काजळीसारखा थर.

मग एवढी चमक आणि एवढी शेपटी येते कुठून? कापराची वडी उघडी ठेवून बघा. ती ओली होत नाही, वितळून वाहत नाही, पण दिवसागणिक लहान होत जाते. तिची थेट वाफ होते. धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्या बर्फाचं तसंच होतं. पाणी न होता थेट वाफ होते, आणि वाफेबरोबर धूळ उडते. गोळ्याभोवती वाफ आणि धुळीचा मोठा ढग तयार होतो आणि त्यातून कोट्यवधी किलोमीटर लांब शेपटी निघते. तिला स्वतःचा जाळ नाही. सूर्याच्या उजेडामुळेच ती दिसते.

शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते. भात वारवताना दाणा खाली पडतो आणि फोलपट वाऱ्याच्या दिशेनं उडतं, तसंच हे आहे. सूर्याचा उजेड बारीक धुळीला मागं ढकलतो, आणि सूर्यातून सतत निघणारा कणांचा वारा वायूला मागं रेटतो. म्हणून नीट पाहिलं तर बऱ्याचदा शेपट्या दोन असतात. एक रुंद, पिवळसर, धुळीची. दुसरी सरळ, निळसर, वायूची. धूमकेतू सूर्याला वळसा घालून परत निघाला, की शेपटी त्याच्या पुढे चालते. वारा पाठीमागून असला की चालणाऱ्या बाईचा पदर पुढं उडतो ना, तसंच.

सूर्याचा असा वारा असतो, हे माणसाला धूमकेतूच्या शेपटीवरूनच उमगलं. लुडविग बीरमन या जर्मन शास्त्रज्ञानं १९५१ मध्ये ते मांडलं. हा वारा जोरात आला की पृथ्वीचं चुंबकत्व हलतं, आणि त्याची नोंद आपल्याच जिल्ह्यात, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत होते. ही वेधशाळा आधी मुंबईला कुलाब्यात होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमाप बिघडेल, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला आणली. जो वारा धूमकेतूची शेपटी उडवतो, तोच वारा अलिबागची उपकरणं टिपतात.

पाहुण्याचं वेळापत्रक

एडमंड हॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं १६८२ मध्ये एक धूमकेतू पाहिला. जुन्या नोंदी काढल्या तर १५३१ आणि १६०७ मध्येही अशाच वाटेनं एक धूमकेतू गेला होता. त्यानं गणित केलं आणि १७०५ मध्ये लिहिलं, की हे तीन वेगळे नाहीत, हा एकच आहे आणि १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅले १७४२ मध्ये वारला. पण १७५८ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या पालिच नावाच्या एका शेतकऱ्याला तो दिसलाच.

तो १७५९ मध्ये सूर्याजवळून गेला, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. कुणी म्हणेल, बघा, शेंडेनक्षत्रानं घात केला. पण त्याच्या येण्याचं वर्ष १७०५ मध्ये छापून झालं होतं. तेव्हा पानिपतावर लढलेल्या सदाशिवरावभाऊंचा जन्मही व्हायचा होता! पेशवाई टिकली असती किंवा बुडाली असती, तरी हॅलेचा धूमकेतू त्याच सुमारास येणार होता. पुढे तो १८३५, १९१० आणि १९८६ मध्ये आला. डिसेंबर २०२३ मध्ये तो आपल्या वाटेच्या लांबच्या टोकाला पोचून पुन्हा सूर्याकडे वळला आहे.

खाडीचाच हिशेब लावू

तरी मनात येतं, चंद्र एवढी भरती आणतो, तर धूमकेतूनं काहीतरी होत असेलच. वजन बघा. हॅलेसारखे तीस कोटी धूमकेतू एकत्र केले तरी चंद्राएवढं वजन भरत नाही, आणि धूमकेतू चंद्रापेक्षा कितीतरी लांबून जातो. खाडीचं पाणी तो बोटभरही हलवू शकत नाही. बांधाला खांड पडते ती उधाण, वारा आणि वेळेवर न झालेली डागडुजी यांनी.

जुलै १९८९ मध्ये आंबा नदीला महापूर आला. जांभूळपाडा उद्ध्वस्त झालं, नागोठण्यात पाणी भरलं. ज्यांची माणसं गेली ती घरं ते अजून विसरलेली नाहीत. त्याआधी आकाशात कुठलंही ठळक शेंडेनक्षत्र नव्हतं. उलट १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप नावाचा झगझगीत धूमकेतू कितीतरी संध्याकाळी दिसत होता, आणि आपली कामं नेहमीसारखीच चालू होती. संकट येतं तेव्हा आपल्याला कारण हवं असतं. खरं कारण शोधलं तर पुढच्या वेळी जीव वाचतो. कारण सुनेच्या पायांत शोधलं तर कुणीच वाचत नाही.

भीती विकणारे

मे १९१० मध्ये पृथ्वी हॅलेच्या शेपटीतून जाणार अशी बातमी पसरली. शेपटीत विषारी वायू सापडला होता, त्यामुळे परदेशात लोक घाबरले. काहींनी दारांच्या फटी बुजवल्या. अमेरिकेत ‘धूमकेतूच्या गोळ्या’ विकल्या गेल्या. झालं काहीच नाही, कारण ती शेपटी इतकी विरळ असते की आपल्या हवेपुढे ती जवळजवळ नसल्यासारखीच. फायदा झाला तो गोळ्या विकणाऱ्यांचा.

देवाला हात जोडायचे तर जरूर जोडा. पण आकाशात काही दिसलं म्हणून कुणी भीती घालून पैसे मागत असेल, तर बचत गटातून कर्ज काढायच्या आधी विचारा, हा पाहुणा किती वर्षांपूर्वी निघाला होता?

मग धोका अजिबातच नाही का? तसंही नाही. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही नावाच्या धूमकेतूचे तुकडे गुरू ग्रहावर आदळले आणि दुर्बिणीतून डाग दिसले. पृथ्वीवर मोठा धूमकेतू आदळणं फार दुर्मीळ, पण अशक्य नाही. म्हणून जगभरच्या दुर्बिणी रोज रात्री आकाश चाळतात. तिथं उपयोगी पडते ती नजर आणि गणित.

शेंडेनक्षत्र शोधणारी बाई

अशी नजर एका बाईची होती. कॅरोलिन हर्शेल, जन्म जर्मनीतला. लहानपणी आजारानं उंची खुंटली. हिचं लग्न होणार नाही, ही घरकामालाच राहील, असं घरच्यांनी धरलं होतं. भावाबरोबर इंग्लंडला गेली, त्याच्या दुर्बिणीच्या कामात हात लावता लावता स्वतः आकाश वाचायला शिकली. १ ऑगस्ट १७८६ ला तिला पहिला धूमकेतू सापडला. पुढे एकूण आठ. इंग्लंडच्या राजानं तिला १७८७ पासून वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. जे शेंडेनक्षत्र बाईला अपशकुनी ठरवायला वापरलं जातं, त्याच्याच शोधानं एका बाईला तिच्या हक्काची कमाई मिळाली!

आपल्याकडे याच विषयावर शास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ‘धूमकेतू’ नावाची कथा लिहिली आहे. वाचनालयात मिळाली तर गटात मोठ्यानं वाचा.

हॅलेचा धूमकेतू पुन्हा सूर्याजवळ येईल तो जुलै २०६१ मध्ये. नेमका आपला पावसाळा, ढग फाटले तर दिसेल. आज चौथी-पाचवीत असलेल्या मुली तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. पण तोवर थांबायला नको. हॅलेनं मागं सोडलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी जाते. २१ ऑक्टोबरच्या आसपास, मध्यरात्र उलटल्यावर, अंगणातला दिवा मालवून मृग नक्षत्राच्या बाजूला बघत बसा. चंद्राचा उजेड नसेल तर तासाभरात काही तारे तुटताना दिसतील. ते तारे नव्हेतच, हॅलेच्या धूमकेतूची धूळ हवेत जळते आहे. लेकीला, सुनेला सोबत घ्या आणि तिला हे सांगा.

गटात बोलण्यासाठी
१. आपल्या घरात कोणत्या संकटाचा दोष एखाद्या बाईला दिला गेला? खरं कारण काय होतं?
२. पूर, बांध, आजार यांसाठी आपण गट म्हणून आधीच कोणती तयारी करू शकतो?
३. भीती घालून पैसे मागणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे?