पीटयुक्त सिंगल माल्ट व्हिस्कीचे आस्वादन

पीटच्या धुरावर वाळवलेल्या माल्टपासून बनवलेल्या व्हिस्कीचा रंग, गंध, चव आणि घोटानंतर तोंडात रेंगाळणारी चव यांची पद्धतशीर पारख करणे, म्हणजे पीटयुक्त सिंगल माल्ट व्हिस्कीचे आस्वादन होय. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे आयला बेट या प्रकारच्या व्हिस्कीसाठी विशेष प्रसिद्ध आहे. आर्डबेग, लागाव्हुलिन, लाफ्रॉइग, कल ईला आणि बोमोर या तेथील नामांकित डिस्टिलरी आहेत. दीर्घकाळ मुरवलेल्या आणि महागड्या व्हिस्कीची पारख तुलनेने अवघड असते. वय वाढते तसा धुराचा ठसा क्षीण होतो आणि लाकडाचा प्रभाव वाढतो. शिवाय वय, नाव आणि किंमत यांची आधीच असलेली माहिती परीक्षकाच्या मतावर परिणाम करते.

व्याख्या

स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमावलीनुसार सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, केवळ पाणी, यीस्ट आणि माल्ट केलेली बार्ली यांपासून, पारंपरिक भांड्यांत (पॉट स्टिल) ऊर्ध्वपातन करून बनवावी लागते. ती स्कॉटलंडमध्येच ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षे मुरवावी लागते आणि विक्रीच्या वेळी तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते.

बाटलीवर छापलेले वय हे मिश्रणातील सर्वांत कमी मुरलेल्या व्हिस्कीचे असते. मुरण्याची क्रिया पिंपात होते. त्यामुळे १६ वर्षे मुरवून बाटलीत भरलेली व्हिस्की पुढे २० वर्षे कपाटात राहिली, तरी ती १६ वर्षांचीच मानली जाते. पाण्याखेरीज रंगासाठी साधे कॅरॅमल घालण्यासही नियमावली परवानगी देते. म्हणून केवळ गडद रंगावरून वयाचा किंवा पिंपाच्या प्रकाराचा निष्कर्ष काढता येत नाही.

धुराचा उगम

दलदलीच्या जमिनीत शेवाळ, गवत व झुडपे हजारो वर्षे अर्धवट कुजून साचत गेल्याने पीट तयार होतो. तो कापून, वाळवून इंधन म्हणून वापरला जातो. माल्ट बनवताना बार्ली भिजवून तिला मोड आणले जातात आणि नंतर ती भट्टीत वाळवून अंकुरण थांबवले जाते. या टप्प्यावर पीट जाळल्यास धुरातील फिनॉल वर्गातील संयुगे ओलसर दाण्यांना चिकटतात. त्यांपैकी ग्वायाकॉलमुळे लाकडी धुराचा वास येतो, तर क्रेसॉलमुळे डांबर किंवा दवाखान्यातील जंतुनाशकासारखा वास येतो. आयलाच्या व्हिस्कीला अनेकदा ‘औषधी’ म्हटले जाते, ते मुख्यतः या संयुगांमुळे.

माल्टमधील फिनॉलचे प्रमाण दशलक्ष भागांतील भाग, म्हणजे पीपीएम, या एककात सांगतात. बोमोरसाठी हे प्रमाण साधारणपणे २५, लागाव्हुलिनसाठी ३५ आणि आर्डबेगसाठी ५५ च्या आसपास असते. ब्रुकलॅडी डिस्टिलरीच्या ‘ऑक्टोमोर’ या मालिकेतील अनेक व्हिस्कींसाठी ते १०० हून अधिक आहे.

हा आकडा माल्टचा असतो, पेल्यातील व्हिस्कीचा नव्हे. दळण, किण्वन आणि ऊर्ध्वपातन या क्रियांत फिनॉलचा मोठा भाग नष्ट होतो किंवा मागे राहतो. ऊर्ध्वपातनात जड फिनॉल उशिरा बाहेर पडतात. त्यामुळे मद्यार्काचा मधला भाग गोळा करणे कोणत्या क्षणी थांबवले, यावर धुराची तीव्रता व जात अवलंबून असते. लागाव्हुलिन आणि कल ईला या दोन्ही डिस्टिलरींना पोर्ट एलन येथील माल्टगृहातून जवळपास सारख्याच प्रमाणात धुरावलेले माल्ट मिळते. तरीही कल ईलाची व्हिस्की हलकी व स्वच्छ, तर लागाव्हुलिनची भारदस्त व तेलकट समजली जाते. पीपीएमचा आकडा मोठा असल्यास व्हिस्की चांगली, हा समज यामुळे टिकत नाही.

मुरण्याचा परिणाम

स्कॉच व्हिस्कीसाठी मुख्यतः दोन प्रकारची पिंपे वापरली जातात. अमेरिकी कायद्यानुसार बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या भांड्यातच साठवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेली, सुमारे २०० लिटरची बर्बनची पिंपे स्कॉटलंडला मोठ्या संख्येने मिळतात. त्यांतून व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्यासारखे गंध येतात. शेरी या स्पॅनिश वाइनच्या संस्कारातील, साधारण ५०० लिटरच्या पिंपांतून मनुका, खारीक, अक्रोड व मसाल्यांची आठवण करून देणाऱ्या छटा उतरतात. लवंगेचा गंध ज्यामुळे येतो ते युजेनॉलही ओकमधून व्हिस्कीत येते.

स्कॉटलंडच्या थंड हवेत पिंपातील द्रवाचे दरवर्षी सुमारे २ टक्के बाष्पीभवन होते. या घटीला ‘देवदूतांचा वाटा’ असे म्हणतात. हा दर स्थिर धरल्यास ३० वर्षांत पिंपातील सुमारे ४५ टक्के द्रव उडून जातो. अल्कोहोलचे प्रमाणही उतरत जाते आणि ते ४० टक्क्यांखाली गेल्यास तो द्रव स्कॉच व्हिस्की म्हणून विकता येत नाही. फार जुनी व्हिस्की दुर्मीळ व महाग असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

वयानुसार धुराचे स्वरूपही पालटते. ५ ते १० वर्षांच्या व्हिस्कीत धूर थेट व तीव्र असतो. तिची तुलना पेटत्या शेकोटीशी केली जाते. २५-३० वर्षांनंतर तो विझलेल्या निखाऱ्यांसारखा मंद होतो आणि पिकलेली फळे, मेण, जुने चामडे यांसारखे गंध पुढे येतात. म्हणून जुन्या पीटयुक्त व्हिस्कीत धूर किती आहे, यापेक्षा तो इतर गंधांशी कसा मिसळला आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. पिंपात गरजेपेक्षा अधिक काळ राहिलेली व्हिस्की कडवट, तुरट व कोरडी होते. अशा वेळी वाढलेले वय हा गुण न राहता दोष बनतो.

आस्वादनाची पद्धत

आस्वादनासाठी खाली रुंद व वर निमुळता पेला वापरतात, कारण त्यात गंध तोंडाशी एकवटतो. २००१ मध्ये स्कॉटलंडमध्ये आलेला ग्लेनकेर्न पेला या कामी जगभर वापरला जातो. पेल्यात थोडीच व्हिस्की घेतली जाते. बर्फ टाळला जातो, कारण थंडीमुळे गंध दबतो.

प्रथम पेला नाकापासून थोडा दूर धरून, तोंड किंचित उघडे ठेवून हळूहळू जवळ आणला जातो. एकदम खोल श्वास घेतल्यास अल्कोहोलच्या झोंबण्याने घ्राणशक्ती काही काळ बधिर होते. त्यानंतर लहान घोट घेऊन तो जिभेवर सर्वत्र फिरवला जातो. घोटानंतर कोणती चव मागे राहते, ती किती वेळ टिकते व कशी बदलते याची नोंद घेतली जाते.

पुढच्या टप्प्यात थेंबाथेंबाने पाणी मिसळून पुन्हा गंध घेतला जातो. स्वीडनमधील लिनेअस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या साहाय्याने या प्रथेमागील रसायनशास्त्र अभ्यासले. अल्कोहोलचे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायाकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतात, तर ५९ टक्क्यांच्या वर ते द्रवात आत ओढले जातात, असे त्यांना आढळले. तीव्र व्हिस्कीत पाणी घातल्यावर धूर अधिक स्पष्ट का जाणवतो, याचे हे एक स्पष्टीकरण आहे. व्यावसायिक मिश्रणकार नमुना सुमारे २० टक्क्यांपर्यंत सौम्य करून प्रामुख्याने नाकानेच तपासतात. अतिशय जुन्या, आधीच ४०-४५ टक्क्यांवर आलेल्या व्हिस्कीत मात्र थोडे जास्त पाणीही चव विरळ करू शकते.

एकाच वासाच्या सततच्या सान्निध्याने नाक त्या वासाला सरावते. त्यामुळे अनेक नमुने तपासायचे असल्यास पीटयुक्त व्हिस्की शेवटी ठेवतात आणि मध्ये पाणी पिऊन विश्रांती घेतात. अल्कोहोलचा अंमल निर्णयावर होऊ नये, म्हणून व्यावसायिक परीक्षक बहुतेक घोट थुंकून टाकतात.

मूल्यमापनाचे निकष

वर्णनाच्या भाषेत एकवाक्यता यावी, यासाठी स्कॉटलंडमधील पेंटलंड्स संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘स्वादचक्र’ मांडले. गुणांकनासाठी बहुधा १०० गुणांची पद्धत वापरतात. ब्रिटिश समीक्षक जिम मरे हे गंध, चव, मागे राहणारी चव आणि समतोल यांना प्रत्येकी २५ गुण देतात.

पीटयुक्त व्हिस्कीच्या बाबतीत धूर, डिस्टिलरीचा मूळ स्वभाव आणि लाकूड या तिन्हींपैकी कोणी इतरांना झाकून टाकतो का, हे समतोल ठरवताना पाहिले जाते. सदोष पिंपातून आलेला गंधकाचा वास, बुचामुळे आलेला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आणि लाकडाचा अतिरेकी कडवटपणा हे नेहमी आढळणारे दोष आहेत. तीव्र धुराखाली असे दोष लपू शकतात.

किंमत आणि निर्णय

किंमत ठरवताना गुणवत्तेइतकाच दुर्मीळतेचा विचार होतो. आयलावरील पोर्ट एलन डिस्टिलरी १८२५ मध्ये सुरू झाली व १९८३ मध्ये बंद पडली. तिचा उरलेला साठा २००१ पासून मर्यादित संख्येने बाटल्यांत भरून विक्रीस येऊ लागला आणि साठा घटत गेला तशा किमती वाढत गेल्या. ही डिस्टिलरी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

किंमत कळल्याने चवीचा अनुभवच बदलतो, हे वाइनच्या बाबतीत प्रयोगाने दिसून आले आहे. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागींना एकच वाइन एकदा १० डॉलरची व एकदा ९० डॉलरची म्हणून देण्यात आली. महाग म्हणून दिलेली वाइन त्यांना अधिक आवडली आणि मेंदूतील सुखानुभवाशी निगडित भागाची सक्रियताही वाढलेली आढळली. म्हणून विश्वासार्ह मूल्यमापनात नाव, वय व किंमत झाकून अंध चाचणी घेतली जाते. रंगाचाही प्रभाव पडू नये यासाठी काही ठिकाणी गडद निळे पेले वापरतात.

अस्सलपणाची पारख

केवळ चवीवरून जुन्या व्हिस्कीचे वय किंवा अस्सलपणा खात्रीने सांगता येत नाही. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलात १८७८ हे साल छापलेल्या बाटलीतील एक पेला सुमारे १०,००० स्विस फ्रँकना विकला गेला. नंतरच्या कार्बन कालमापनात ती व्हिस्की १९७० ते १९७२ दरम्यानची असल्याचे, तर रासायनिक तपासणीत ती सिंगल माल्ट नसून मिश्र व्हिस्की असल्याचे दिसून आले. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधील एका प्रयोगशाळेने तपासलेल्या ५५ दुर्मीळ बाटल्यांपैकी २१ बनावट किंवा सांगितलेल्या वर्षी न बनलेल्या निघाल्या. बार्ली ज्या वर्षी पिकते त्या वर्षीच्या हवेतील कार्बन तिच्यात सामावतो. विसाव्या शतकाच्या मध्यातील अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते. त्यामुळे त्यापूर्वीची आणि नंतरची व्हिस्की वेगळी ओळखता येते.

भारतातील पीटयुक्त सिंगल माल्ट

बंगळूरची अमृत आणि गोव्यातील पॉल जॉन या कंपन्या पीटयुक्त सिंगल माल्ट बनवतात. ‘अमृत फ्यूजन’मध्ये भारतीय बार्लीबरोबर स्कॉटलंडमधील पीटयुक्त बार्ली वापरली जाते. कुंकळ्ळी येथे बनणाऱ्या पॉल जॉन व्हिस्कींपैकी ‘एडिटेड’मध्ये धूर सौम्य, तर ‘बोल्ड’मध्ये तीव्र असतो. त्यांसाठी लागणारा पीट स्कॉटलंडमधून आणला जातो. उष्ण हवेमुळे भारतात बाष्पीभवन स्कॉटलंडच्या कित्येक पट वेगाने होते आणि लाकडाचा परिणामही लवकर दिसतो. परिणामी भारतीय व्हिस्की सहसा दहा वर्षांच्या आतच बाटलीत भरली जाते. निरनिराळ्या हवामानांत मुरलेल्या व्हिस्कींची तुलना करताना म्हणूनच वर्षांची संख्या हा समान मापदंड मानला जात नाही.