कापसाच्या मुलखात कार्बनचे कापड

मढवलेल्या तबल्यात बोलते ते कातडे; चांदीने मढवलेल्या देव्हाऱ्यात भार तोलते ते मात्र आतले लाकूड. मोटारीतली प्लॅस्टिकची पट्टी किंवा आरशाचे कवच कार्बन फायबरने मढवणे हे दुसऱ्या जातीचे काम आहे.

वाशिमसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला हा पदार्थ अगदीच परका नाही. एडिसनने 1879 साली दिव्यात वापरलेली तार म्हणजे जाळून कोळसा केलेला सुती दोराच होता. आजचा कार्बन तंतू बहुधा कृत्रिम धाग्यापासून करतात. हवा वगळून हजार अंशांहून अधिक तापवल्यावर त्यात उरतो तो मुख्यतः कार्बन. एक तंतू 5 ते 7 मायक्रॉन जाडीचा. असे 3000 तंतू मिळून एक पेड, आणि त्या पेडांचे जीनसारख्या तिरप्या विणीचे कापड. मॅक्लारेनने 1981 मध्ये शर्यतीच्या मोटारीचा सांगाडाच यातून घडवला आणि ही काळी वीण वेगाची खूण ठरली. मढवलेल्या पट्टीत मात्र ती केवळ दिसते. पट्टीचे वजन कमी होत नाही, उलट थोडे वाढते.

कामाची सुरुवात पट्टीच्या पाठीवरून करावी. तिथे प्लॅस्टिकचे नाव कोरलेले असते. ‘एबीएस’ असेल तर इपॉक्सी चांगले धरते. ‘पीपी’ असेल तर खास प्रायमरशिवाय धरत नाही. मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण घालवून पृष्ठभाग पुसावा. काळ्या इपॉक्सीचा हात द्यावा आणि तो बोटाला चिकटेल, पण बोटावर येणार नाही, अशा अवस्थेत कापड अंथरावे. वीण ओढली की वाकडी होते. हे काम दाबून बसवण्याचे आहे, ताणण्याचे नव्हे. ते घट्ट झाल्यावर पारदर्शक इपॉक्सीचे दोन-तीन थर, पाण्याने घासणे आणि शेवटी उन्हाला टिकणारे लॅकर. लॅकर टाळले तर इपॉक्सी पिवळे पडते.

इपॉक्सीचे दोन घटक डब्यावर दिलेल्या प्रमाणात काट्यावर तोलून घ्यावेत. तापमान दहा अंशांनी वाढले की काम करायला मिळणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे मे महिन्यात मिश्रण वाटीतच तापून आळते, तर पावसाळ्यात दमटपणाने थरावर मेणचट साय येते. आपल्याकडे या कामाचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा.

घासताना उडणारी धूळ फुप्फुसांत जाते आणि कच्च्या इपॉक्सीची त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते. मास्क आणि हातमोजे हवेतच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एअरबॅगवरचे झाकण कधीही मढवू नये. अपघाताच्या क्षणी ते ठरलेल्या रेषेवर फाटावे म्हणूनच घडवलेले असते. त्यावर टणक थर चढला तर एअरबॅग अडते किंवा थराचे तुकडे प्रवाशाच्या अंगावर येतात. जिथे झाकणाने फाटणे हेच त्याचे काम, तिथे शोभेला जागा नाही.

म्हणून पहिला हात भंगारातून आणलेल्या एखाद्या सपाट पट्टीवर बसवावा. ती बिघडली तरी जाईल ते वीतभर कापड.