वीजमापक चिपच्या नोंदी बदलू लागल्यास

सौर पथदिवे, शाळांच्या छपरांवरील सौर पट्ट्या आणि त्यांना जोडलेल्या बॅटऱ्या आता मराठवाड्यातील खेड्यांना अपरिचित राहिलेल्या नाहीत. बॅटरीत किती वीज भरली व किती खर्ची पडली, याची नोंद ठेवण्यासाठी वीजमापक चिप असलेले छोटे यंत्र बसविता येते. समजा, परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावी ग्रामपंचायतीने असे यंत्र बसविले आणि त्याचे आकडे क्षणोक्षणी बदलू लागले, तर बॅटरीच निकामी झाली असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु नवी बॅटरी लोकांच्या पैशातून घ्यावयाची असते. म्हणून ती बदलण्यापूर्वी मापन तपासून घेणे अगत्याचे आहे.

मापन कसे होते?

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची ‘आयएनए २१९’ ही या प्रकारची प्रचलित चिप होय. ती प्रवाह थेट मोजीत नाही. प्रवाहाच्या मार्गात बसविलेल्या एका लहान रोधाच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक ती मोजते व त्यावरून प्रवाह काढला जातो. हा रोध बहुधा ०.१ ओहमचा असतो. म्हणजे १ अँपिअर प्रवाहास केवळ ०.१ व्होल्टचा फरक पडतो. मापनाच्या दोन तारांच्या दरम्यान प्रवाहाच्या मार्गात सैल किंवा गंजलेल्या जोडाचा ०.०१ ओहम रोध मिसळला, तरी नोंद दहा टक्क्यांनी वाढते. यास्तव मापनाच्या तारा रोधाच्या टोकांपासूनच घ्याव्यात.

दोष ओळखण्याची रीत

प्रथम चूक एकसारखी आहे की अस्थिर, हे पाहावे. नोंद सदैव दहापट कमी किंवा अधिक येत असेल, तर रोधाचे मूल्य चुकीचे धरले गेले असावे. रोधावरील ‘आर १००’ ही खूण ०.१ ओहमची, तर ‘आर ०१०’ ही ०.०१ ओहमची असते.

वीज जाऊन आल्यानंतर दाब बरोबर, पण प्रवाह शून्य दिसत असेल, तर चिपमधील अंशशोधनाचा आकडा पुसला गेला आहे असे समजावे. तो प्रत्येक वेळी नव्याने भरावा लागतो.

प्रवाह ३.२ अँपिअरवर अडकून राहिल्यास मर्यादा ओलांडली गेली आहे. १२ व्होल्टवरील ४० वॅटचा दिवा सुमारे ३.३ अँपिअर घेतो, त्यास ०.१ ओहमचा रोध पुरत नाही.

आकडे सतत उड्या मारीत असतील, तर दोन कारणे संभवतात. एक म्हणजे सैल जोड. दुसरे असे की, काही चार्ज नियंत्रक सेकंदास शेकडो वेळा प्रवाह चालू-बंद करतात, तर चिपचे एक मापन सुमारे अर्ध्या मिलिसेकंदात पुरे होते. त्यामुळे कधी पूर्ण प्रवाह, तर कधी शून्य नोंदले जाते. अशा वेळी १२८ मापनांची सरासरी घेण्याची सोय वापरावी. तीस केवळ ६८ मिलिसेकंद लागतात.

दिवा लावताच बॅटरीचा दाब एकाएकी बदललेला दिसल्यास चिपची ऋण तार तपासावी. दिव्याचा प्रवाह त्याच तारेतून जात असेल, तर दाबाची नोंद चुकते.

सावधगिरी

या चिपची दाबमर्यादा २६ व्होल्ट आहे. २४ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीसंचाचा दाब भरताना २८ व्होल्टच्या पुढे जातो; त्यास ती जोडू नये. घरगुती २३० व्होल्ट विजेस तर कदापि जोडू नये.

अखेरीस, माहीत असलेला भार लावून मल्टीमीटरने प्रवाह व दाब मोजावा आणि दोन्ही आकडे दिनांकासह नोंदवहीत लिहावेत. शाळेच्या विज्ञान शिक्षकांकडे हे काम सोपविल्यास विद्यार्थ्यांनाही ओहमच्या नियमाचा प्रत्यक्ष परिचय होईल. दोन्ही आकडे जुळले आणि तरीही बॅटरी उतरत असेल, तरच ती बदलण्याचा ठराव सभेपुढे ठेवणे उचित ठरेल.